ठमीला न विकलेले बांगडे

मथुरा सातपाटीहून येऊन मनोरच्या बाजारात खारी मासळी विकायची. सत्त्याऐंशी साली तिचे पाय सुजले. "रक्तदाब वाढलाय, मूत्रपिंडं जपायची तर मीठ तोडा," डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून तिने स्वतःच्या टोपलीतला तुकडा चाखला नव्हता. वर्षभराने डोंगरावरची ठमी नेहमीसारखी बांगडे घ्यायला आली. तिचा चेहरा फुगला होता. मथुराने तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा तसाच राहिला. "तुला मासळी नाय देणार." "मंग भाकर खाऊ कशाशी?" ठमी चिडली. "बिनमिठाच्या चटणीशी. मी तेच खाते नि धडधाकट हाय." "गिऱ्हाईक घालवतेस!" शेजारी बसलेली मासळीवाली हसली. मथुराने तिच्याच हाती तराजू दिला नि ठमीसोबत पालघरची एसटी पकडली. लघवी तपासून डॉक्टर म्हणाले, "वेळेत आलात." परतताना ठमी म्हणाली, "माझी सासू बी सुजलीय. पुढच्या बाजाराला आणू?"