चहाडखोर गवत

नदीत लावलेल्या नव्या गवतावर धुरपदा भोईणीचा पहिल्यापासून संशय होता. "हेच मेलं पाणी पितंय," म्हणत ती रोज जाळं टाकण्याआधी दोन-चार जुड्या उपटून फेकायची. तरी पाणी घटतच गेलं, आणि आज होडी चिखलात रुतली. आता मासळी कुठून यायची?

"आत्याबाई, हे तुम्ही उपटलंत?" तिच्या हातातली जुडी बघून सून कौतिका कपाळावर हात मारत म्हणाली. "अहो, धरणवाल्यांनीच हे गवत लावलंय. वरच्या धरणाचं दार या मुळांचं ऐकतं. मुळं सुटली की त्याला वाटतं, धार जास्त झाली. मग ते आवळतं नि खाली पाणी कमी सोडतं."

धुरपदाने गवताकडे डोळे वटारले. "चहाडखोर कुठलं!"

मग लुगडं खोचून ती चिखलात उतरली. हातातली ओली जुडी तिने परत रोवली आणि बुडाशी पायाने माती दाबत गवताला दरडावलं, "सांग आता त्या दाराला, बरं वाटतंय म्हणून!"