सावली वगळून

“निशिगंधा, आता हट्ट पुरे,” वासुदेव सर म्हणाले. स्पीकरमधून त्यांचा आवाज जरा चिरका येत होता.

“तास पुरा होऊ दे, सर.”

काचेच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला सर. गार्चिंग या जर्मन गावात २०१६च्या जानेवारीचा बर्फ साचलेला, आणि संस्थेच्या हीट चेंबरमध्ये सेहेचाळीस अंश. वाळवंटात वाढणाऱ्या एका शहराच्या टोकाला मजुरांची वस्ती व्हायची होती. तिथल्या पत्र्याच्या घरात मे महिन्यातल्या दुपारी काय होईल, ते या खोलीत आधीच करून बघायचं. नियम सरांनीच घातलेला आणि साधा. माणूस तासभर बसला तर घर राहण्याजोगं, मधेच उठला तर आराखडा नापास.

खोलीत बसायचं काम पीएचडी करणाऱ्यांकडे असे. निशिगंधा आजवर कितीदा तरी बसली होती. डोकं गरगरलं तरी कुणी उठत नसे, कारण काचेपलीकडे सर उभे असत आणि नोकरीचा करार, म्हणजे फेरट्राग, वाढवणं त्यांच्याच हातात असे. संस्थेचा एकही आराखडा त्यामुळे कधी नापास झालेला नव्हता. नियमात मात्र बसणाऱ्याचं वय, पद असलं काहीच लिहिलेलं नव्हतं.

या वस्तीत तिने अंगणं आणि कडुनिंबाच्या रांगा आखल्या होत्या. पाणी फार लागतं म्हणून सरांनी त्या खोडल्या. बंगल्यांच्या भागातली कारंजी मात्र तशीच ठेवली. काल बैठकीत, शहराकडून आलेल्या पाहुण्यांसमोर, ती ताडकन उभी राहिली होती. “या घरात माणूस तासभर बसू शकत नाही. उद्याच बसून बघू या!” सरही इरेला पेटले. “बघू या की!”

ते पाहुणे आता बाहेर कॉफी घेत निकालाची वाट बघत होते.

“अगं, तुझा फेरट्राग मार्चमध्ये संपतोय,” यंत्रापाशी बसलेला हृषिकेश पुटपुटला. तो तिच्याबरोबरचाच, पुण्याचा, आणि मुळात भित्रा. “कशाला वाकड्यात शिरतेस?”

“नाही वाढवला तर नाही. तिथे बायका पोराबाळांना घेऊन राहणार आहेत, हृषी. त्यांनी उठून कुठे जायचं?”

हृषिकेशने माइक जवळ ओढला. “आल्झो, तर, नियम म्हणून पुन्हा सांगतो. दार आतून उघडतं. कधीही उठता येतं.”

कुणीही उठलं नाही. निशिगंधाचे कान रागाने लाल झाले होते. अंगात आईने विणलेला जाड स्वेटर होता आणि तो काढायचा तिचा काही विचार दिसत नव्हता.

“तब्येतीशी खेळ नको,” सर म्हणाले.

“एवढ्याने कुणाची तब्येत बिघडत नाही, असं तुम्हीच सांगत आलात.”

“ते सरासरी माणसाबद्दल.”

“गेनाऊ, अगदी बरोबर. आज माणूस खराखुरा आहे.”

घड्याळाचा काटा अजून अर्ध्या तासावरही आला नव्हता. आता आधी कोण नमतं, एवढंच बघायचं उरलं होतं.

“झाडं परत घातली तर?” सरांचा आवाज खाली आला होता. “मग संपवशील हे?”

“झाडंही आणि अंगणंही. कारंजी बंद करा, पाणी तिथूनच निघेल. आणि पाहुण्यांना ते तुम्ही स्वतः सांगायचं.”

“ते नाही जमणार.”

“मग तास पुरा होऊ दे.”

हृषिकेश पाण्याची बाटली हातात घट्ट धरून बसला होता.

“लाव तुझे कडुनिंब,” शेवटी सर म्हणाले. “अंगणंही घे. सांगतो मी त्यांना.”

चेंबरचं दार आतून उघडलं. गरम हवेचा लोट निशिगंधाच्या स्वेटरवर आला, आणि घामाने निथळणारे वासुदेव सर भिंतीला धरत बाहेर पडले.