तक्रारीला जागा

"एकटे राहता ना? मग पगच घ्या," कुत्रेवाला म्हणाला. "दिवसभर पायाशी लोळत पडेल, शेजाऱ्यांना पत्ताही लागणार नाही. हा बीगल दिसायला गोड, पण एकटा ठेवलात की अख्खी इमारत डोक्यावर घेतो."

जन्मभर दुसऱ्यांच्या दारची बेल वाजवून निवृत्त झालेल्या पोस्टमनकाकांनी बीगल उचलला.

रविवारी सकाळी त्यांनी त्याला आतल्या खोलीत ठेवलं, दार लोटलं आणि चहा टाकला. चहाला उकळी यायच्या आत त्यांच्या दारची बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई रागानं लालबुंद झाल्या होत्या.

"काका, केवढा रडतोय तो! झालंय तरी काय त्याला?"

"एकट्याला करमत नाही हो," म्हणत काकांनी बाजूला सरून त्यांना वाट दिली.

टेबलावर दोन कप आधीच मांडलेले होते.