घरी कोणी नाही

"घरी कोण कोण असतं?"

देवेंद्र मुळेंनी अगदी सहज विचारलं. नवे मॅनेजर. केबिनमध्ये एकेकाला बोलावून, चहा पाजून विचारत होते. अनुश्रीनं कप खाली ठेवला.

"कोणी नाही सर. एकटीच असते."

"एकदम अकेली?"

"एकदम."

खोटं. त्याच वेळी शहराबाहेर, राऊ गावातल्या तिच्या फ्लॅटमध्ये तिचे वडील, दिनानाथ शितोळे, बाहेरून लावलेल्या कुलुपाआड बसले होते. आठवण पार गेलेली. दार उघडं सापडलं की चालत सुटायचे. एकदा महूच्या रस्त्यावर ट्रकसमोर उभे होते, वाट विचारत. सांभाळायला बाई ठेवली, ती आठवड्यात पळाली. तेव्हापासून कुलूप. पलासियाच्या या कॉल सेंटरमध्ये अनुश्री दिवसभर लोकांच्या बिघडलेल्या फ्रिजचं रडगाणं ऐकायची आणि मनात एकच चालू असायचं, गॅस बंद केला ना मी?

पण तोंड उघडायची सोय नव्हती. आधीचे मॅनेजर संजीव सर, त्यांनीही हेच विचारलं होतं. असाच चहा पाजून. शिखानं भोळेपणी सांगून टाकलं की बाळाला दमा आहे, रात्र रात्र जागते. संजीव सर खूप हळहळले. महिन्याभरात शिखा घरी बसली. "बाळाला तुमची जास्त गरज आहे," म्हणाले. वर निरोपाचा केक कापला आणि सगळ्यांकडून टाळ्या वाजवून घेतल्या. माणसाच्या पोटावर पाय द्यायचा तर निदान केक तरी आणू नये. तो केक अनुश्रीनंही खाल्ला होता. त्या दिवसापासून अख्ख्या मजल्यावर कोणी घरचं नाव काढलं नाही.

सोमवारी मुळे सगळ्यांसमोर उभे राहिले.

"आत्तापर्यंत तुम्हा सगळ्यांना एका काठीनं हाकलं. ते बंद. ज्याच्या घरी लहान मूल आहे, म्हातारं माणूस आहे, आजारी कोणी आहे, त्याला सकाळची शिफ्ट. जे एकटे आहेत, त्यांनी दुपार ते रात्र सांभाळायची. चालेल ना?"

मग एकेकाचं नाव घेऊन वेळ सांगितली. नावं संपली. सकाळ कोणालाच आली नव्हती.

दिवस कलला की बाबा घाबरायचे. भिंतीपाशी कोणी उभं आहे म्हणायचे, दारावर डोकं आपटायचे. ती संध्याकाळी पोचायची तेव्हाच कपाळ लाल झालेलं असायचं. रात्रीपर्यंत काय होईल?

ती केबिनमध्ये गेली. मागे सगळ्यांच्या माना स्क्रीनमध्ये खुपसलेल्या.

"सर, मला सकाळ द्या."

"का?"

सांगावं तर नोकरी जाणार. न सांगावं तर बाबा.

"असंच, सर."

मुळे उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं. शिखाच्या वेळीही दार असंच लागलं होतं.

"बसा, शितोळेजी. मला एक समजावून सांगा. या मजल्यावर कोणाला आई नाही, बाप नाही, पोर नाही. त्या निखिलच्या बोटात लग्नाची अंगठी आहे आणि हा आपला भिया सांगतोय, एकटाच राहतो. हे ऑफिस आहे की अनाथाश्रम?"

तिला हसू आलं नाही. रडूही नाही. बोलायचं नव्हतं ते आपोआप बाहेर पडलं.

"वडील आहेत. त्यांना काही कळत नाही. कुलूप लावून येते."

"आत्ता? आत्ता कुलूप आहे?"

"हो."

मुळेंनी घड्याळ पाहिलं. आता हळहळतील, तिला वाटलं. मग केक येईल.

"उठा," ते म्हणाले. "आधी घरी जा. उद्यापासून सकाळ. आणि सकाळीसुद्धा कुलूप नको. त्यांच्यापाशी कोण बसेल ते उद्या मिळून बघू. मार्ग काढू काहीतरी."

ती उठली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसात कोणी तिच्या बापाची चौकशी केली होती, आणि ती आणखीच घाबरली होती.

"सर, पाया पडते. वरच्या ऑफिसला कळवू नका. त्यांनी विचारलं तर म्हणा, एकटीच राहते."

मुळेंनी बंद दाराकडे एकदा बघितलं. आवाज अगदी खाली आणला.

"कळवतो कुठला? माझा मुलगा सात वर्षांचा आहे. बोलत नाही, क्षणभर एकटा राहत नाही. वरच्या ऑफिसात मी अजून बिनलग्नाचा आहे."