हिरव्या मुखपृष्ठाचं पुस्तक

काकांनी दोन्ही डबे उघडले आणि आळीपाळीने दोन्हींत डोकावून पाहिलं. एकात हिरवी शाई होती, दुसऱ्यात लाल. कोणत्या डब्यात कोणती, एवढंच त्यांना कळत नव्हतं.

छापखान्यात तीस वर्षं शाई सांभाळणाऱ्या या माणसाला लाल-हिरवं ओळखता येत नाही, हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. ती पलीकडे पुस्तकबांधणीत होती. नवा माल आला की हळूच येऊन हिरव्याच्या झाकणावर खिळ्याने एक चरा ओढायची, लालच्या झाकणावर दोन. आज ती तापाने घरी पडली होती. डब्यांवर नुसते आकडे. आकड्यांची यादी मालकांच्या टेबलावर होती. पण ती आता मागायची म्हणजे आपल्या हाताने आपलं बिंग फोडायचं. निवृत्तीला चार महिने उरले होते. या लपवाछपवीला काका अगदी विटले होते.

छापायचं पुस्तकही नेमकं हिरव्या रंगाच्या आणि नशिबाच्या इंग्रजी वाक्प्रचारांचं; आतली पानं छापून झाली होती, आज फक्त हिरवं मुखपृष्ठ उरलं होतं. बाग फुलवणाऱ्याचा अंगठा हिरवा, नवशिका हिरवा, कुंपणापलीकडचं गवत जास्त हिरवं. तिपानी गवतात चार पानांची हिरवी काडी सापडली की नशीब उघडलं. इंग्रज माणूस हेव्यानेही हिरवा होतो म्हणे. आपण नुसते जळतो ते बरं, काका मनाशी म्हणाले. त्याला रंग लागत नाही.

डोळे मिटून त्यांनी डावा डबा उचलला. उघडे ठेवून तरी काय उजेड पडणार होता?

मुखपृष्ठाचा पहिला कागद त्यांनी मालकांपुढे नेला. मालकांनी तो खिडकीशी धरला आणि नेहमीसारखं विचारलं, "काका, तुमचं काय म्हणणं?"

एवढा मोठा माणूस, पण काकांना विचारल्याशिवाय कधी सही करायचा नाही. काकांना त्याचं फार अप्रूप होतं. आज मात्र ते कागदाकडे न बघताच बोलून गेले.

"झकास उतरलाय."

"मग दिला हिरवा कंदील," मालक हसले आणि त्यांनी सही केली.

काकांचा जीव भांड्यात पडला. नशीब नशीब म्हणतात ते हेच.

संध्याकाळी पुस्तक लिहिणाऱ्या बाई आल्या. दोन हजार प्रती बांधून तयार होत्या. त्यांनी वरचा गठ्ठा सोडला आणि कपाळाला हात लावला.

"अहो, मी हिरवं सांगितलं होतं ना? हे तर लालभडक!"

मग मालकांनी हात जोडले, आठवड्याभरात पुन्हा छापून देतो म्हणाले. बाई धुसफुसत गेल्या.

काका उभेच राहिले. आता सगळं सांगून मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवलं. तेवढ्यात मालकांनी दार लोटून घेतलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"काका, तुम्ही कसे चुकलात?" ते अगदी हळू म्हणाले. "मी तीस वर्षं तुमच्याच डोळ्यांनी रंग बघत आलोय हो."