लाल गाडीच्या काचा

बसा असे, एका गाडीची गोष्ट सांगतो. गाडी केवढी, तर तळहातावर मावेल एवढी. पण त्या दुपारी तिनं एका धडधाकट माणसाला घाम फोडला.

बस डेपोतल्या एका फिटरनं पालथा खोका उचलला आणि कपाळाला हात लावला. "गेलं! सगळंच मुसळ केरात!"

खोक्याखाली त्याची लाल गाडी होती. प्लास्टिकची. सुटे भाग डब्यात मिळतात ना, आपण कापायचे, घासायचे, चिकटवायचे, त्यातली. रंग असा की त्यात बघून भांग पाडावा. पण काचा? मोतीबिंदू झाल्यासारख्या पांढुरक्या.

चूक त्याचीच. काचेला वेगळा गोंद लागतो, सावकाश सुकणारा. पण त्याची पोरगी संध्याकाळच्या बसनं निघणार होती. लांबच्या शहरात नोकरी लागली होती तिला. घाईघाईत फिटरनं झटक्यात धरणारा गोंद लावला आणि वर धूळ बसू नये म्हणून खोका झाकला. त्या गोंदाला वाफ असते. ती खोक्यात कोंडली आणि बसली काचांवर. एखाद्या अजागळ माणसाची गाडी वाचली असती. हा पडला टापटिपीचा.

बायको भाजी निवडत होती. तिनं मान लांब केली. "अगंबाई, सवतीला पडसं झालं का काय?"

या प्लास्टिकच्या गाड्यांना ती सवतच म्हणायची.

"थट्टा नको. पोरगी येईल आत्ता."

पोरीनं मागितलं होतं साधंच. "बाबा, मला जाताना आपली ती जुनी गाडी छोटी करून द्या." ऐकल्याबरोबर फिटरनं हातातलं काम खाली ठेवलं होतं. कारण ती गाडी म्हणजे नुसती गाडी नव्हती. पोरगी लहान असताना राहती खोली सुटली, आणि अख्खी थंडी तिघांनी त्या गाडीत काढली. कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत. रंग मातकट, पत्रा गंजलेला. मागच्या सीटवर पोरगी, पुढं ही दोघं, पाय पोटाशी घेऊन. नंतर बस डेपोत नोकरी पक्की झाली, डोक्यावर छप्पर आलं, गाडी भंगारात गेली. त्या दिवशी फिटरनं घरात बजावलं, "त्या थंडीचं नाव पुन्हा या घरात निघायचं नाही." निघालं नाही. त्याचा आवाज असा होता की एकदाच बजावलं तरी पुरायचं.

आता पोरगी तीच गाडी मागत होती. तिला नाही कसं म्हणणार? मग त्यानं डोकं चालवलं. एका डब्यातली साधी गाडी घेतली. दुसऱ्या डब्यातल्या शर्यतीच्या गाडीची रुंद चाकं काढून हिला बसवली. खालची बाजू घासून घासून गाडी जमिनीलगत आणली. बंपर चंदेरी केला. मातकटाचा लालभडक केला. गंजाचा ठिपका औषधालासुद्धा ठेवला नाही. परक्या शहरात पोरीनं ही गाडी बघावी आणि तिला ऐट आठवावी, कुडकुडणं नाही. थंडी इथंच टाकून तिनं जावं, एवढ्यासाठी सगळी धडपड.

आणि आता या आंधळ्या काचा. फिटरनं पॉलिशची डबी उघडली, कापड बोटाला गुंडाळलं आणि मागच्या काचेवर टेकवणार तोच दारातून आवाज आला.

"थांबा बाबा! पुसू नका."

पोरगी उभी होती, खांद्याला बॅग.

"अगं, खराब झालंय ते. जरा दम खा, लखलखीत करून देतो."

तिनं गाडी त्याच्या हातातून काढून घेतली. चाकं बघितली नाहीत. रंग बघितला नाही. ज्यावर बापानं जीव टाकला, त्यातलं काहीच बघितलं नाही. मागची काच तेवढी डोळ्यांजवळ धरली, आणि तिचा चेहराच बदलला.

"आई, बघ गं. सकाळच्या काचा!"

बायकोनं भाजी बाजूला सारली, हात पदराला पुसले. "अगदी तश्शाच की गं!"

फिटर एकदा हिच्या तोंडाकडं, एकदा तिच्या तोंडाकडं. "कसल्या सकाळच्या?"

"तुम्ही अंधारातच कामाला जायचात," बायको म्हणाली. "आम्ही उठायचो तेव्हा श्वासानं सगळ्या काचा पांढऱ्या झालेल्या असायच्या. हिला पाटी कुठून आणणार होते मी? काचेवरच अक्षरं गिरवून घ्यायची."

"ऊन आलं की शाळा सुटायची," पोरगी हसली. "सगळी पोरं 'ग गवताचा' शिकली. मी 'ग गाडीचा'."

"हे मला कुणी बोललं नाही."

"बोलू दिलंत कधी?"

पोरीनं बापाच्या हत्यारांतली टाचणी उचलली. नखाएवढ्या काचेवर टोक अलगद फिरवलं. पांढरं खरवडलं गेलं आणि त्यातून एक 'ग' निघाला. जरा वाकडाच.

फिटरनं पॉलिशच्या डबीला झाकण लावलं. मग एवढ्या वर्षांनी विचारलं. "पोरी, तुला फार थंडी वाजायची का गं?"

पोरगी विचारात पडली. मग आईकडं वळली.

"आई, थंडी होती का गं तेव्हा?"

झालं. पोरगी गेली, गाडी गेली. तुमचं कधी त्या शहरात तिच्या घरी जाणं झालं आणि खिडकीत लाल गाडी दिसली, तर एवढं माझं ऐका. छपरावरची धूळ पुसा, हवं तर चाकंही पुसा. पण आत अजून अभ्यास चाललाय, काचांना तेवढा हात लावू नका.