पेन्सिलीतलं पान

घटस्फोटाच्या कागदांवर सही करून मी माहेरी आले, तेव्हा आई मामेबहिणीच्या लग्नपत्रिकेवरचा गणपती कापत बसली होती. पत्रिका रद्दीत टाकणं तिला जमत नाही. प्रत्येक लग्नाहून आली की गणपती कापून जाड वहीत चिकटवते आणि खाली नवरा-नवरीची नावं, तारीख लिहिते. आमच्या घरातली तीस वर्षांची लग्नं त्या वहीत आहेत.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

रिक्षात वाटलं होतं, घरी पोचल्यावर रडू येईल. आलं नाही. उगाच वही ओढून पानं उलटत राहिले. नलूमावशी, धाकटे काका, समोरच्या दामल्यांची वैजू. सगळी नावं निळ्या पेननं, आईच्या गोल अक्षरात.

माझं पान सहा वर्षांपूर्वीचं. गणपती नीट कापलेला, सोंडेचं टोकसुद्धा शाबूत. खाली आमची दोघांची नावं मात्र पेन्सिलीनं लिहिलेली. मागची-पुढची पानं पुन्हा पाहिली. पेन्सिल फक्त माझ्याच पानावर होती.

"पेन संपलं होतं का गं तेव्हा?"

"नाही." तिची कात्री थांबली नाही. "अंतरपाट काढला तेव्हा तुझा चेहरा पाहिला होता मी."

"मग बोलली का नाहीस?"

"अक्षता पडल्या होत्या. चारशे माणसं जेवायला बसली होती."

मग तिनं गणपती चिकटवला, पेनचं टोपण काढलं आणि मामेबहिणीचं नाव लिहिलं.